उजेड किती, आणि कोणासाठी?

दीपोत्सवाच्या या मंगल पर्वावर एका परधर्मीय उपासनेचा दाखला आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न मूळचा त्यांचा असला, तरी तो आता आपल्याही गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे.

ईस्टरच्या आदल्या रात्री रोमन कॅथलिक चर्चमध्ये जागराचा विधी होतो. प्रारंभी सारे मंदिर अंधारात असते. नवा अग्नी सिद्ध करून त्यावर एक मोठी मेणबत्ती प्रज्वलित करतात, ती मिरवीत आत आणतात, आणि तिच्या ज्योतीवरून उपस्थितांच्या हातांतील मेणबत्त्या एकामागून एक उजळत जातात. ज्योतीने ज्योत लावण्याचा हा सोहळा पणत्या लावणाऱ्या हिंदू गृहस्थास परका वाटू नये.

परंतु हा सोहळा कॅमेऱ्यापुढे आला की पेच पडतो. अंधारास सरावलेला मानवी डोळा ज्योतही पाहतो आणि तिच्याजवळचा मंद चेहराही. कॅमेऱ्यास दोन्ही एकदम साधणे कठीण. ज्योत सांभाळावी तर चेहरे काळोखात बुडतात. चेहरे उजळावेत तर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो. मग झगझगीत दिवे लावण्याचा मोह पडतो. त्याने चित्र स्वच्छ येते खरे. पण अंधारच हरपल्यावर ज्योतीचे माहात्म्य ते काय उरले?

जाणते प्रकाशयोजनाकार निराळा मार्ग धरतात. दिवा थेट डोक्यावर असला तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, म्हणून तो उंचावरून, पण समोरून तिरकस टाकतात. भाविकांच्या डोळ्यांवर तो येणार नाही, हेही पाहतात. मेणबत्तीचा वर्ण सुमारे १९०० केल्व्हिनचा, तांबूस-पिवळा; दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्व्हिनचा, त्यामानाने निळसर. म्हणून पूरक दिवे उबदार वर्णाचे आणि अगदी मंद ठेवतात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन बंद करून अंधारास अंधारच राहू देतात.

कॅमेराच नको, असे म्हणणे सोपे आहे. आम्ही ते म्हणणार नाही. एप्रिल २०२० मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये हा जागर जवळजवळ रिकाम्या वास्तूत झाला, आणि जगभरच्या भाविकांनी तो पडद्यावरच पाहिला. त्याच वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीस गेल्या. महामारी ओसरली, तरी अंथरुणास खिळलेल्या वृद्ध मातेस आजही तो लहानसा पडदा हेच महाद्वार आहे. तिला देवाचे मुख स्पष्ट दिसलेच पाहिजे.

तथापि सारेच दाखविण्याजोगे नसते. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक दूरचित्रवाणीवर झळकला, पण पवित्र तैलाभ्यंगाचा क्षण कॅमेऱ्यापासून राखला गेला. २०२३ साली राजे चार्ल्स यांच्या वेळीही आडपडदा धरला गेला. नैवेद्याच्या वेळी आपल्याकडेही देवापुढे पडदा ओढतातच.

मंदिरांच्या विश्वस्तांनी आणि उत्सव मंडळांनी एवढेच ध्यानी घ्यावे, अशी आमची विनंती आहे. दूरच्या भक्तास दर्शन अवश्य घडवावे, पण समोर हात जोडून उभ्या असलेल्याचे डोळे दिपवून नव्हे. पूरक दिवा समईचा सेवक असावा, धनी नव्हे. ज्या दिव्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही आणि मूर्ती मात्र डोळे भरून दिसली, तो दिवा सार्थकी लागला.

सर्व वाचकांस ही दीपावली सुखाची आणि शांत प्रकाशाची जावो.