पाच वॅटांचा आवाज

हौशी रेडिओत पाच वॅट वा त्याहून कमी शक्तीने संदेश पाठविण्यास ‘क्यूआरपी’ म्हणतात. शंभर वॅटांवरून पाचांवर उतरले, तरी ऐकणाऱ्याच्या सिग्नल-मीटरचा काटा सुमारे दोनच अंकांनी खाली येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांचा ‘बिटएक्स’ संच तर बाजारातील साध्या सुट्या भागांतून घरी जोडता येतो. वसतिगृहातील मुलामुलींनी परवान्याची परीक्षा देऊन येथूनच आरंभ करावा, असे आम्हांस वाटते.

मात्र वादळी रात्री विजांच्या खरखरीत हाच क्षीण आवाज बुडतो, आणि मदतीची हाक नेमकी तेव्हाच द्यावयाची असते. म्हणून थोडक्यात भागविण्याचे कौतुक आमच्या मुलांना कोणी ऐकवू नये. ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. पाच वॅट ही त्यांची निवड असावी, आणि त्यासाठी शंभर वॅटांचा संचही शाळेत असावा.