गल्ल्यावर उद्या कोण?

देवरूखच्या बाजारपेठेत जुन्या दुकानदारांशी घटकाभर बोललं, की बोलणं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: आमच्यानंतर हे कोण बघणार? धंदा किराण्याचा असो, कापडाचा असो, नाहीतर पाव-बटर-खारीचा. वडील पहाटे भट्टीपुढे आणि मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला, हे आता घरोघरचं आहे. मुलांना त्यात बोल लावता येणार नाही. पण तीन पिढ्यांनी उभं केलेलं दुकान एका कुलपाने संपावं, याचं मला मनापासून दुःख होतं. हाच प्रश्न ज्यू दुकानदारांपुढे आपल्यापेक्षा कितीतरी अवघड होऊन उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडवला, ते आज सांगावंसं वाटतं.

हा समाज कोकणाला परका नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असं इथले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. रायगडच्या गावागावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले, मराठी आपली मानली, दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं लावली. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. मासळीच्या मुलखात राहूनही खवले आणि पर नसलेलं काही त्यांनी ताटात घेतलं नाही. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या वर्ज्यच. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. आठवड्यातल्या एका दिवसाची कमाई सोडायची, पण नेम मोडायचा नाही, या शिस्तीवर ही घरं उभी राहिली.

बेकरीच्या धंद्यात ही शिस्त किती कठोर असते पाहा. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्याच्या जेवणासाठी वेणीसारखा गुंफलेला ‘खाला’ नावाचा पाव लागतो. त्यात अंडी पडतात, पण दूध किंवा लोणी नाही. त्याऐवजी तेल, कारण तो मटणाच्या ताटातही चालला पाहिजे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तो गिऱ्हाइकाच्या घरी पोचायला हवा. म्हणजे आठवड्याची सगळ्यात मोठी विक्री शुक्रवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. वल्हांडणाच्या सणात तर आंबवलेलं पीठ घरातसुद्धा चालत नाही, तिथे पावाच्या भट्टीचं काय! त्या दिवसांत फक्त बिनखमिराचा ‘मात्सा’. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत तो भाजून निघाला पाहिजे. तयार मांसाचे पदार्थ विकणाऱ्या ज्यू दुकानाला डेली म्हणतात. नेम पाळणाऱ्या अशा डेलीत चीज किंवा लोणी मिळणार नाही. खारवलेले मासे आणि चीज विकणारं दुकान वेगळं, तिथे मांस नाही. काय विकायचं नाही हे आधी ठरवून मग गल्ल्यावर बसायचं, अशी ही रीत.

आपल्या देशात असं नाव कमावलेलं कुटुंब म्हणजे कोलकात्याचं नाहूम. बगदादी ज्यू असलेल्या नाहूम इस्रायल मोर्देकाई यांनी १९०२ मध्ये हा धंदा सुरू केला. आधी घरोघरी फिरून विक्री, मग न्यू मार्केटमध्ये दुकान. पाटीवर नाव आलं ‘नाहूम अँड सन्स’. फ्रूटकेक, लेमन टार्ट, बाकलावा, चीज भरलेले सांबुसाक अशा जिनसांनी त्या शहराला वेड लावलं. पुढे देश स्वतंत्र झाला, इस्रायलची स्थापना झाली आणि एकेकाळी काही हजार असलेला कोलकात्याचा ज्यू समाज पांगला. आज तिथे मोजकी माणसं उरली आहेत. तिसऱ्या पिढीतले डेव्हिड नाहूम यांनी शेवटपर्यंत दुकान सांभाळलं. ते २०१३ मध्ये वारले. दुकान मात्र चालूच राहिलं. ही भट्टी वर्षानुवर्षं सांभाळणारे कारागीर बहुतेक मुसलमान, आणि नाताळात केकसाठी रांग लावणारे ख्रिस्ती, हिंदू, सगळेच. ज्यू घरातल्या पाककृती दुसऱ्या धर्माच्या हातांनी जिवापाड जपल्या. मालकाने त्या हातांवर विश्वास टाकला नसता, तर समाजाबरोबर दुकानही गेलं असतं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. आजच्या पोलंडमधून तिथे आलेले जोएल रस पिंपातले खारवलेले हेरिंग मासे विकत. १९१४ मध्ये त्यांनी दुकान थाटलं. त्यांना मुलगा नव्हता. हॅटी, आयडा आणि अ‍ॅन या तीन मुली. त्या कोवळ्या वयापासून काउंटरमागे उभ्या राहत, पिंपात हात घालून मासे काढत. १९३५ मध्ये वडिलांनी मुलींना भागीदार करून घेतलं आणि पाटी बदलली: ‘रस अँड डॉटर्स’. त्या काळी दुकानांच्या पाट्यांवर सगळीकडे मुलगेच असत. ते दुकान पुढे नातवाने वकिली सोडून चालवलं आणि आता चौथी पिढी ते पाहते आहे. शंभर वर्षं उलटून गेली.

आपल्याकडचे ‘शनवार तेली’ १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार ज्यू उरले होते. जाताना त्यांनी घाणे नेले नाहीत, स्वयंपाक मात्र नेला. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा, म्हणजे भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि फळं, आज डिमोना, रामला, अश्दोदमधल्या मराठी घरांत होतो. तो आईने मुलीला आणि सासूने सुनेला हाताने करून दाखवला, म्हणून टिकला.

आता आपल्या बाजारपेठेकडे वळू. कोकणातल्या कितीतरी दुकानांत पहाटे उठून लाडू-चिवड्याची पाकिटं भरणारी, उधारीची वही तोंडपाठ असणारी बाई घरचीच असते. पाटीवर तिचं नाव नसतं, बँकेच्या कागदावर नसतं. मुलगी दहावीपासून सुट्टीत गल्ला सांभाळते, पण ‘तू काय, लग्न करून जाणार’ म्हणून मालाची खरेदी तिला दाखवली जात नाही. वीस-वीस वर्षं भट्टीवर राबलेल्या गड्याला पिठाचं प्रमाण कळतं, फायदा-तोटा कळू दिला जात नाही. मग मुलगा शहरात रमला, की आम्ही म्हणतो, वारस नाही. वारस असतात हो. त्यांना आपण शिकवलेलं नसतं, इतकंच.

दुकानदार बंधू-भगिनींना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. मुलगा परत येईल तेव्हा येईल, त्याची वाट पाहत कुलूप शोधू नका. यंदा लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजाल तेव्हा मुलीला, सुनेला आणि जुन्या कारागिराला शेजारी बसवा, जमा-खर्च उघडून दाखवा, घाऊक व्यापाऱ्याकडे बरोबर न्या. भागीदारी द्यायची असेल तर ती वेळेवर, कागदावर द्या. आणि पाटी नव्याने रंगवायला टाकाल, तेव्हा राबणाऱ्या माणसाचं नाव तिच्यावर आवर्जून घाला.