गेल्या महिन्यांतील तबकड्या

पावसाळ्याचे दिवस आले म्हणजे कोरेगांवीं बाहेरचें जाणें-येणें कमी होतें आणि कपाटांतील तबकड्यांना बरे दिवस येतात. गेल्या महिन्यांत आम्हीं ज्या ऐकल्या, त्यांची हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे. अनेक घरांत अशा तबकड्यांचा एखादा गठ्ठा माळ्यावर पडलेला असतो आणि आवराआवरीच्या दिवशीं तो भंगारवाल्याच्या तराजूंत जातो. तेथें जातें तें काय, हें घरच्या मंडळींस आधीं माहीत असावें, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

पहिल्यानें लाविली ती खांसाहेब अब्दुल करीम खां यांची झिंझोटींतील ठुमरी. खांसाहेबांचें वास्तव्य मिरजेस. कोरेगांवच्या स्टेशनावरून दक्षिणेस जाणारी गाडी थेट त्यांच्या गांवीं पोंचते. १९३७ सालीं पाँडिचेरीच्या प्रवासांत त्यांचा अंत झाला आणि देह मिरजेस आणून दफन करण्यांत आला. तेथील दर्ग्यांत त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं संगीतसभा भरते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांहून थोडेंच अधिक गाणें मावे. ज्यांना एक राग मांडावयास तास अपुरा, त्यांना तीन मिनिटांच्या कोठडींत बसविलें, अशी तक्रार जुने लोक करीत आले. ती अगदींच खोटी नाहीं. परंतु खांसाहेबांच्या या तबकडींत घाई कोठेंच दिसत नाहीं. काय सांगावयाचें यापेक्षां काय सोडून द्यावयाचें, हें त्यांनीं आधींच ठरविलेलें असावें. तीन मिनिटांत रागाचा सारा संसार मावला नाहीं, तरी त्याचा चेहरा स्पष्ट दिसतो.

त्यानंतर बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ सालीं कृष्णाकांठच्या नागठाणें गांवीं झाला. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांस भास्करबुवा बखले यांच्या चाली. जुन्या पद्धतीच्या व नव्या पद्धतीच्या, अशा दोन्ही काळांतील तबकड्या आम्हीं एकामागून एक लावून पाहिल्या. १९२५ च्या पूर्वीं गायकास कर्ण्याशीं तोंड नेऊन गावें लागे व त्या आवाजाच्या जोरानेंच सुई मेणावर रेघ ओढी. त्यामुळें मोठा स्वर उमटे, हळुवार स्वर हरवून जाई. विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आल्यावर लहानशी मुरकी, शब्दाच्या शेवटीं सोडलेला श्वास, हेंही उमटूं लागलें. जुन्या तबकडींत आपणांस गाणें ऐकूं येतें. नव्या तबकडींत गाणारा माणूस जवळ येऊन बसतो.

तिसऱ्या गठ्ठ्यांत निघाल्या त्या स्त्रियांच्या तबकड्या, आणि त्यांच्याविषयीं थोडें स्पष्ट लिहावयास हवें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें. त्या काळीं तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापल्या जात. तेथील कारागिरांस नांव कळावें म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत. १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि या तबकड्या जिल्ह्याजिल्ह्यांतील घरांत पोंचूं लागल्या. आमच्या पांढरपेशा घरांची त्या वेळची रीत काय होती? गाणाऱ्या बाईचें नांव चारचौघांत मोठ्यानें घ्यावयाचें नाहीं. बैठकीस पुरुषांनीं जावें, घरच्या बायकांनीं जाऊं नये. ती गाणारी स्वतः दाराशीं आली असती, तर तिला ओसरीच्या आंत कोणी बोलाविलें नसतें. तिचा आवाज मात्र सरळ माजघरापर्यंत गेला, आणि तेथें तांदूळ निवडीत बसलेल्या बायकांनीं तो ऐकला, पाठ केला. बैठकीचा मान ज्यांच्या वांट्यास कधींच आला नाहीं, त्यांची बैठक त्या चावीच्या यंत्रापुढें झाली. एकीस घरांत येण्याची बंदी, दुसरीस घराबाहेर जाण्याची. या दोघींची गांठ तबकडीनें घालून दिली.

पुढें हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिका सभागृहांत जाहीर रीतीनें गाऊं लागल्या व श्रोत्यांत कुटुंबेंच्या कुटुंबें बसूं लागलीं. त्या श्रोत्यांचा कान आधीं घरांत तयार झालेला होता. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी तर १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोनेरी तबकडींतून अवकाशांत गेली. पहिलें व्हॉयेजर यान ५ सप्टेंबरला सुटलें आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. तें यान २०१२ सालीं आंतरतारकीय अवकाशांत शिरलें. जेथें आमचा उंबरठा आडवा येत होता, तेथून तो आवाज किती दूर गेला, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

शेवटीं व्हिनाइलच्या दीर्घ तबकड्या. ही जात १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली. मिनिटाला सुमारें ३३ फेरे व एका बाजूस वीस मिनिटें वा अधिक गाणें. त्यांवर आम्हीं ‘गीतरामायण’ ऐकलें. १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून सुरू झालेलीं हीं ५६ गीतें, कवि ग. दि. माडगूळकर हे शेटफळ्याचे, संगीत सुधीर फडके यांचें. ‘मत्स्यगंधा’ची पदें लावितांना शेजारची मंडळीही येऊन बसली, कारण १९६४ च्या या नाटकाचे कर्ते वसंत कानेटकर यांचा जन्म आमच्याच तालुक्यांतील रहिमतपूरचा. पदें जितेंद्र अभिषेकी यांनीं बांधलेलीं.

आतां जपणुकीविषयीं. जुनी ७८ ची तबकडी लाख घालून केलेली असते. ती पडली कीं फुटते, आणि स्पिरिटनें पुसली तर लाख विरघळून गाणेंच पुसलें जातें. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. तबकड्या आडव्या रचूं नयेत, उभ्या ठेवाव्या. व्हिनाइलची बारीक सुई जुन्या तबकडीच्या रुंद खोबणीस चालत नाहीं. तिला जाड टोंकाची सुई निराळी मिळते. एकदां नीट वाजवून घेऊन संगणकावर प्रत करून ठेवावी, म्हणजे वारंवार झीज होत नाहीं.

आणखी एक काम याहून घाईचें आहे. तबकडीवर गाणाराचें नांव छापलेलें असतें, ऐकणाराचें नसतें. घरांत आजी किंवा आत्या असतील, तर त्यांस शेजारीं बसवून तबकडी लावावी. ती कोणीं आणली, कोण लावीत असे, त्यावरून कोणतें गाणें कोणीं उचललें, हें विचारून वेष्टणावर पेन्सिलीनें लिहून ठेवावें. लाख जपली तर शंभर वर्षें टिकते. सांगणारें माणूस तितकें थांबत नाहीं.