पेटी नको, मोजके चांगले पाने घ्या

घरीच दुचाकीची चेन ताणायची किंवा ऑइल बदलायचं ठरलं, की अनेक जण स्वस्तातली भरगच्च सॉकेटची पेटी घेतात. माझ्या मते तो पैसा वाया जातो. आपल्याकडच्या दुचाकींची बरीचशी कामं ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरच्या पान्यांत होतात. बाकीचे तुकडे पडून राहतात. खरा प्रश्न संख्येचा नाहीच, पोलादाचा आणि अचूक मापाचा आहे. मऊ धातूचा, सैल बसणारा पाना जोर लावताच घसरतो, बोल्टचे कोपरे गोल होतात आणि काही रुपयांच्या बोल्टसाठी वेल्डिंगवाला शोधावा लागतो. म्हणून क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे रिंग पाने आणि सहा कोनी सॉकेट घ्यावेत. बारा कोनी सॉकेट अडचणीच्या जागी पटकन बसतं, हे खरं. पण गंजलेल्या बोल्टवर सहा कोनीच भरवशाचं.

वर्षातून दोनदा लागणाऱ्या हत्यारावर एवढा खर्च कशाला, असं कुणी विचारेल. पण गॅरेजवाल्याच्या हाताला बोल्ट कधी दगा देईल याचा अंदाज असतो, तुटलेला काढायची साधनंही असतात. घरी काम करणाऱ्याकडे दोन्ही नसतं. चांगल्या पान्याची गरज त्यालाच जास्त. शिवाय चांगलं म्हणजे परदेशी नव्हे. नाशिकच्या टपारियाचे पाने सुटेही मिळतात, लागतील तसे घेता येतात. काटकसर हातोडीत करा. चारचाकीखाली शिरणार असाल तर मात्र जॅक स्टँडशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, मुळीच शिरू नका.