दैव त्याचं, शोध मात्र स्वतःचा

सोफोक्लीजचं 'राजा ईडिपस' वर्गात शिकवून झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बिचारा! नशिबातच होतं, तो तरी काय करणार?" सगळे हसले, तास संपला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला.

आधी दैवाची बाजू. लायसला भाकीत मिळालं होतं की पोटचा मुलगाच तुला मारील. म्हणून तान्ह्या बाळाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकायला दिलं. ते वाचलं, करिंथमध्ये वाढलं. मोठेपणी डेल्फीला ईडिपसनं ऐकलं की तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील. तो करिंथ सोडून पळाला, तो आईबापांना जपण्यासाठीच! तिठ्यावर त्याचा हात उठला, पण समोरचा म्हातारा आपला बाप आहे हे त्याला कुठं ठाऊक होतं? इथं त्याला दोष देणं मला जमत नाही.

पण एक गोष्ट आपण विसरतो. खून आणि लग्न दोन्ही नाटकाचा पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी घडून गेलंय. आपल्यासमोर घडतो तो फक्त शोधाचा दिवस. थीब्जमध्ये साथ पसरलीय, लायसचा मारेकरी शोधा असं देवाचं सांगणं आहे. ईडिपस मात्र तेवढ्यावर थांबत नाही. स्वतःच्या जन्माचं मूळ खणत जातो. टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. जोकास्टा विनवते, आता पुरे. म्हातारा मेंढपाळ तर गयावया करतो. तिघं अडवतात, हा ऐकत नाही.

कुणी म्हणेल, टायरेसियसनं पुढचं सगळं सांगितलंच होतं की! सांगितलं, पण भाग पाडलं नाही. पुढचं ठाऊक असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. शेवटी ईडिपसही हा फरक करतो: दुःख अपोलोनं दिलं, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच.

मागच्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला. "नशीब!" म्हणून मोकळं झालो. उत्तरपत्रिका बघायला मिळत होती, तरी गेलो नाही. आपणच काय घाण केलीय ते दिसेल, ही भीती.

ईडिपसला नशीब बदलता आलं नाही, मान्य. पण खरं काय ते बघायचं की नाही, हे त्यानं स्वतः ठरवलं. तेवढं तरी आपल्या हातात असतंच ना?