'जुनी मशीद' आणि दहा माणसांचा प्रश्न

भोईवाडा (प्रतिनिधी) : मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवरील 'शार हारहमीम' हे मुंबईतील सर्वांत जुने सिनेगॉग. १७९६ मध्ये स्थापन झालेल्या या प्रार्थनालयाला बेने इस्रायल समाज 'जुनी मशीद' म्हणत असे. ज्यूंच्या प्रार्थनालयाला मशीद का म्हणावे, याचे उत्तर कोकणच्या इतिहासात आहे.

चौल, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात स्थिरावलेल्या या समाजाने निजामशाही पाहिली, जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल पाहिला आणि मराठ्यांचे राज्यही पाहिले. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. धार्मिक बाबतीत निवाडा करणारा त्यांचा 'काजी' असे. शब्द राज्यकर्त्यांचे घेतले. पण शनिवार, सुंता आणि 'शेमा'ची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. या साऱ्या काळात त्यांचे सिनेगॉग नव्हते. धर्म घरात टिकला.

पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. कुराणात 'बनी इस्राईल'चा उल्लेख असल्याने त्यांना जीवदान मिळाले आणि त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी हे सिनेगॉग उभारले, असे समाजाची परंपरा सांगते. पुढे रेवदंडा, अलिबाग, पेण येथेही सिनेगॉग झाली. भोईवाड्याहून फार दूर नसलेल्या सातरस्त्याला 'तिफेरेथ इस्रायल' आहे. तेथून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग याच समाजातील महापौरांच्या नावाचा.

आज स्थिती उलटी आहे. सिनेगॉग आहेत, माणसे नाहीत. याचे कारण छळ नव्हे, तर १९४८ नंतर इस्रायलकडे झालेले स्थलांतर होय. १९५१ मध्ये देशात २६ हजारांहून अधिक ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ते साडेचार हजारांच्या आसपास उरले. सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील सिनेगॉगना तेवढे जमविणेही कठीण जाते.

राज्य शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यातून शिक्षणसंस्था, विवाहनोंदणी यांसारखे प्रश्न सुलभ होतील. छप्पर-भिंतींच्या दुरुस्तीसाठी निधीही उभा राहू शकेल. मात्र दहावा माणूस कोणत्याही शासन निर्णयाने येणार नाही. म्हणून या वास्तूंबरोबरच त्यांतील मराठी नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी आताच नोंदवून ठेवणे अधिक निकडीचे आहे.