पाठविणाऱ्याचे नाव

छापील पत्राच्या अखेरच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे असतात. वाचकांची दृष्टी तेथे क्वचितच जाते. परंतु १८६७ च्या कायद्याने ही ओळ बंधनकारक झाली, ती विनाकारण नव्हे. छापलेल्या मजकुराचा जाब कोणास विचारावयाचा, हे सर्वांस ठाऊक असावे, एवढाच तिचा अर्थ. महाडच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा संपादक म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचे नाव घातले. विरोधकांचा सारा रोष त्याच नावावर येणार हे दिसत असताना घातले.

आज गडचांदूरच्या कारखाना-वसाहतींत आणि कोरपना-जिवतीकडील गावांत मोबाईलवरून जे संदेश फिरतात, त्यांस अशी ओळ नाही. विहारातील वंदनेची वेळ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, मयतीचा निरोप, हे सारे व्हॉट्सॲपच्या गटावरून क्षणात घरोघर पोचते. १९२० साली ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नव्हती, त्या समाजाच्या हाती आज हे साधन आले, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्याच गटावरून दुसरेही पुष्कळ पुढे जाते. ते कोणी लिहिले, कोठले, केव्हाचे, असे पाठविणारास विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘मला आले, मी पुढे पाठविले.’

या उत्तराची किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांनी दिली. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, भिक्षा मागून पोट भरणारे. साक्री तालुक्यातील त्या गावी आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशा संदेशांनी तो मुलूख आधीच धास्तावलेला होता. जमावाने त्या पाचांस ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीची होती. पालकांनी सावध राहावे म्हणून तेथील एका संस्थेने ती तयार केली होती; मोटारसायकलवरून उचललेले मूल अखेरीस परत आणून सोडतात, असा तिचा शेवट होता. तो शेवट कोणी तरी कापून टाकला. कापणारा एखादाच असेल. पुढे पाठविणारे असंख्य होते, आणि त्यांतील प्रत्येकास आपण शेजाऱ्याचे हितच करीत आहोत असे वाटत होते.

त्याच रात्री मालेगावात दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांस जमावाने घेरले. तेथे काही रहिवाशांनी त्यांस आपल्या घरात घेतले आणि पोलिसांनी त्यांस जिवंत बाहेर काढले. अफवा दोन्हीकडे एकच होती. पुढे त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा हत्या रोखण्यासाठी जिल्हावार अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांस दिले, आणि व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पाच हा आकडा आम्हांस काही लहान वाटत नाही.

हे धुळ्याकडचे झाले, असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून दलित वृद्ध स्त्री-पुरुषांस बांधून मारण्यात आले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात होता, तरीही! असा संशय मोबाईलहून फार जुना आहे. पारावरून, पाणवठ्यावरूनही तो पसरतच होता. मोबाईलने त्याची चाल वाढविली. ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे एवढ्यावरून काही मानू नका, असे भगवंतांनी कालामांस सांगितले. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हा उपदेश वंदनेपुरता ठेवू नये. चौथ्या शीलातून अंगठ्याने पाठविलेले असत्य सुटत नाही.

आमच्या गटांतील आणखी एका रीतीविषयी लिहिणे भाग आहे. कोणी नतद्रष्ट बाबासाहेबांच्या छायाचित्राची विटंबना करतो. ती दहा-वीस जणांनीच पाहिलेली असते. संतापलेले आमचे तरुण ‘जाहीर निषेध’ असे लिहून तेच चित्र प्रत्येक गटावर टाकतात, आणि त्या नतद्रष्टास जे साधले नसते ते सायंकाळपर्यंत आम्हीच साधून देतो. अत्याचार झालेल्या भगिनीचे नाव व छायाचित्रही ‘न्याय द्या’ म्हणून असेच फिरविले जाते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा पूर्वी दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून तो न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. पाठविणाऱ्याचा हेतू शुद्ध होता म्हणून त्या भगिनीचे गेलेले नाव परत येत नाही. संघटनांचे तर काय सांगावे! पूर्वी पत्रकाखाली अध्यक्ष-चिटणिसांची सही असे. आता वर बाबासाहेबांचे छायाचित्र, मध्ये दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्यास शिव्या, आणि खाली सही ‘एक भीमसैनिक’!

विटंबनेचा संदेश आला तर तो पुढे न पाठविता जपून ठेवावा. पाठविणाऱ्याचा क्रमांक, गटाचे नाव, तारीख, वेळ कागदावर लिहून काढावी. मूळ मोबाईलमधून तो खोडू नये. न्यायालयात नुसते पडद्याचे छायाचित्र पुरत नाही, त्यासोबत प्रमाणपत्र लागते. मग जाणत्या माणसास बरोबर घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. इंटरनेटवरून केलेल्या अपमानासही १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

विहार समित्यांनी आपापल्या गटासाठी दोन जबाबदार माणसे नेमावीत, त्यांत एक तरी भगिनी असावी, आणि पडताळणाऱ्याचे नाव व गाव नसलेला संदेश गटावर राहू देऊ नये. १९५६ साली १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी जेथे दीक्षा दिली त्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी त्या सुमारास मोठा समुदाय जमतो. गाड्यांच्या वेळा, भोजनदान, बंद रस्ते, हरवलेली मुले, यांविषयी त्या दोन दिवसांत संदेशांचा नुसता पाऊस पडतो. गडचांदूरच्या मंडळींनी या नियमाचा आरंभ तेथूनच करावा.